कलम ४६ चा भरपाई अर्ज : पोलिसांत तक्रार दिली, म्हणजे पैसे मागितले असं होत नाही

ठाण्यात नौपाड्यातल्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघं जण लोकांना अर्ज लिहायला मदत करतो. पूर्वी रेशनकार्ड आणि वारसनोंदीची कामं जास्त यायची. आता निम्म्याहून अधिक पिशव्यांमधून एकाच प्रकारचे कागद निघतात : खात्यातून पैसे गेले, आपल्या नंबरचं सिम दुसऱ्याच कुणी काढून घेतलं, तपासणीचे रिपोर्ट भलत्याच्या हातात पडले. माणूस एफआयआरची प्रत टेबलावर ठेवतो आणि विचारतो, "मॅडम, वर्ष होत आलं. पैसे कधी मिळणार?" मला सांगावं लागतं की तुम्ही पैसे अजून मागितलेलेच नाहीत.

पोलीस गुन्हेगार शोधतात. तो सापडला आणि त्याच्याकडे रक्कम शिल्लक असली, तर काही हाती लागतं. पण ज्या संस्थेने तुमची माहिती आपल्या संगणकावर ठेवली आणि नीट सांभाळली नाही, तिच्याकडून भरपाई हवी असेल तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४६ खाली वेगळा अर्ज करावा लागतो. तो न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे जातो. २००३ पासून प्रत्येक राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांकडे हे काम आहे, म्हणजे आपला अर्ज मंत्रालयात. महापेच्या महाराष्ट्र सायबरच्या कार्यालयात किंवा आयुक्तालयाच्या सायबर पोलीस ठाण्यात तो होत नाही. पाच कोटी रुपयांपर्यंतचा दावा इथे चालतो, त्यावरचा न्यायालयात. हा मार्ग नुसता कागदावरचा नाही. २०१३ मध्ये याच पदावरच्या अधिकाऱ्यांनी पुण्याच्या एका कंपनीच्या तक्रारीवर बँकेला ४५ लाख रुपये द्यायला लावले होते.

अर्ज कोण करू शकतं, कोणाविरुद्ध

नुकसान झालेली कोणीही व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. वकील लावलाच पाहिजे असं नाही. गाडी अडते ती कलम लिहिताना. बहुतेक जण अर्जात नुसतं 'माझी फसवणूक झाली' असं लिहितात, आणि फसवणूक हा पोलिसांचा विषय ठरतो. इथे दोन कलमं कामाची आहेत. कलम ४३ : परवानगीशिवाय कोणी तुमच्या संगणकात, खात्यात शिरलं, माहिती उचलली, नुकसान केलं. कलम ४३अ : एखाद्या संस्थेने संवेदनशील माहिती सांभाळण्यात हलगर्जी केली आणि त्यामुळे कोणाचं नुकसान झालं किंवा कोणाला गैरलाभ झाला. बँक, मोबाइल कंपनी, खासगी रुग्णालय, पॅथॉलॉजी लॅब, क्लासेस, दुकानदाराची एकट्याची पेढीसुद्धा ४३अ मध्ये येते, कारण धंदा किंवा व्यवसाय करणाऱ्या सगळ्यांना ते लागू आहे. सरकारी कार्यालय मात्र त्यात येत नाही.

'संवेदनशील' या शब्दावर बरेच अर्ज पडतात. एप्रिल २०११ च्या नियमांत यादी दिली आहे : पासवर्ड, बँक खातं आणि कार्डाची माहिती, शारीरिक-मानसिक आरोग्य, वैद्यकीय नोंदी, लैंगिकता, बोटांचे ठसे किंवा डोळ्यांसारखी जैविक ओळख. नुसता मोबाइल नंबर, पत्ता किंवा फ्लॅट नंबर या यादीत नाही. घोडबंदर रोडच्या टॉवरांमधून गेटवर ये-जा नोंदवणाऱ्या ॲपबद्दल इतके लोक विचारतात, आणि त्यांची तक्रार रास्त असते, पण नंबर बाहेर गेला एवढ्यावर ४३अ चा अर्ज टिकत नाही. तिथे नुकसान रुपयांत दाखवावं लागतं. लॅबने तुमचा रिपोर्ट भलत्या ग्रुपवर टाकला आणि त्यापायी तुमची नोकरी गेली, तर मात्र माहितीही यादीतली आहे आणि नुकसानही दाखवता येतं.

याच २०११ च्या नियमांनी संस्थांवर काय बंधन घातलं आहे ते अर्जदाराला ठाऊक असलं पाहिजे, कारण त्यातूनच अर्जाचे मुद्दे निघतात. माहिती घेताना लेखी संमती, कामापुरतीच माहिती, काम संपल्यावर ती ठेवून न घेणं, सुरक्षेची लिखित पद्धत, वर्षातून एकदा स्वतंत्र तपासणी, आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव व संपर्क संकेतस्थळावर. त्या अधिकाऱ्याने महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. म्हणून पहिली तक्रार शाखेच्या काउंटरवर तोंडी न करता त्या अधिकाऱ्याच्या नावाने लेखी करा. नाव सापडत नसेल तर संकेतस्थळाच्या त्या पानाची तारखेसह प्रत काढून ठेवा. नियम पाळला नाही याचा तो पुरावा आहे.

मुदती, ज्या चुकीच्या मोजल्या जातात

पैसे गेल्यावर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, आणि लगेच बँकेला. हे आता बहुतेकांना माहीत आहे. 'तीन दिवसांची मुदत' मात्र जवळजवळ प्रत्येक जण चुकीची मोजतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा व्यवहारात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर कसलाही भार पडत नाही. हे दिवस बँकेकडून सूचना मिळाल्यापासून मोजायचे, सूचना मिळाली तो दिवस सोडून, आणि आपल्या शाखेच्या कामाच्या दिवसांप्रमाणे. शुक्रवारी संध्याकाळी मेसेज आला, दुसऱ्या दिवशी महिन्यातला दुसरा शनिवार, मग रविवार, तर तिसरा दिवस बुधवार होतो. सोमवारीच 'उशीर झाला' म्हणून घरी बसलेली माणसं मी पाहिली आहेत. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तरी भार मर्यादित राहतो. आणि हलगर्जी बँकेचीच असेल तर उशिरा कळवलं, म्हणून तिची सुटका होत नाही. ग्राहकाची जबाबदारी होती हे सिद्ध करण्याचं ओझं या परिपत्रकाने बँकेवर टाकलं आहे. ही ओळ अर्जात लिहा.

दुसरी मुदत कोणालाच माहीत नसते, आणि सगळ्यात जास्त अर्ज तिच्यापायी हरतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या यंत्रणेच्या लॉगच्या नोंदी १८० दिवस ठेवायच्या आहेत. त्यानंतर त्या पुसल्या गेल्या तर हा निर्देश तुमच्या मदतीला येत नाही. तुमच्या खात्यात त्या रात्री कुठल्या फोनवरून शिरकाव झाला, ओटीपी कुठल्या नंबरवर गेला, हे सांगणाऱ्या नोंदी त्याच. लोक एफआयआरच्या निकालाची वाट पाहतात आणि सातव्या-आठव्या महिन्यात आमच्याकडे येतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात बँकेला आणि मोबाइल कंपनीला एक पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पोच मागवा. मजकूर साधा असू द्या : "दिनांक अमुक रोजी माझ्या खात्यावर / क्रमांकावर झालेल्या व्यवहारांच्या संगणकीय नोंदी, म्हणजे लॉगइनच्या वेळा, आयपी पत्ते, वापरलेलं उपकरण, ओटीपी पाठवल्याची नोंद, आणि दुबार सिमसाठी दिलेला अर्ज व ओळखपत्र, या प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत नष्ट करू नयेत." उत्तर आलं नाही तरी हरकत नाही. पोच तुमच्याकडे आहे, आणि पुढे नोंदी 'उपलब्ध नाहीत' असं सांगितलं गेलं तर हेच पत्र अधिकाऱ्यांसमोर ठेवायचं.

कागदपत्रं : कोणाकडेच नसतात ती दोन

एफआयआर किंवा १९३० वरच्या तक्रारीचा पोचक्रमांक, बँकेशी झालेला पत्रव्यवहार, ओळखपत्र, हे लोक आणतातच. एफआयआरची प्रत फुकट मिळण्याचा तक्रारदाराला हक्क आहे. कळव्यात राहणाऱ्याचं खातं वाशीच्या शाखेत असलं की हद्द नवी मुंबईची म्हणून त्याला परत पाठवलं जातं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची असते. कलमाचा आकडा चिठ्ठीवर लिहून न्या आणि शांतपणे दाखवा.

आता नसणारे दोन कागद. पहिला, खात्याचा प्रमाणित उतारा. ॲपवरून काढलेली पीडीएफ किंवा शाखेचा नुसता गोल शिक्का पुरत नाही. १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्याच्या कलम २अ प्रमाणे दाखल्यासह उतारा, असे शब्द घालून लेखी मागा. काउंटरवरच्या नव्या मुलाला हे माहीत नसतं, त्याच्यावर चिडू नका, व्यवस्थापकाकडे अर्ज द्या. बँकेत तीस वर्षं काढल्यावर मी सांगते, हा दाखला देणं पंधरा मिनिटांचं काम आहे. 'हेड ऑफिसला पाठवलंय' हे उत्तर ऐकून घरी जाऊ नका, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या.

दुसरा, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा दाखला. पूर्वी तो पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली असायचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) खाली आहे. मेसेजचे स्क्रीनशॉट, ईमेल, कॉलचं रेकॉर्डिंग, हे सगळं छापून लावलं तरी दाखल्यावाचून समोरचा वकील पहिल्याच तारखेला हरकत घेतो. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये हे स्पष्ट केलं : मूळ उपकरणच हजर केलं तर दाखला लागत नाही, नाहीतर लागतो. आणि दाखला ज्याच्या हातात आहे तो देत नसेल, तर तो द्यायला लावा अशी मागणी न्यायालयाकडे करता येते. नव्या दाखल्याचे दोन भाग आहेत. भाग अ तुम्ही सही करून द्यायचा : फोन कोणता, कोणाच्या ताब्यात होता, नोंद कशी काढली. भाग ब तज्ज्ञाने भरायचा. दोन्हींत फाइलचं 'हॅश' मूल्य लिहावं लागतं. फाइलचा तो अंगठ्याचा ठसा समजा, एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. म्हणून स्क्रीनशॉट कापूनछाटून, लाल गोल काढून ठेवू नका. जसाच्या तसा ठेवा.

आणि फोन पुसू नका. कोपरखैरण्याचे एक काका आले होते. 'व्हायरस असेल' म्हणून मुलाने घाबरून सगळा फोन फॉरमॅट केला, मग जुना देऊन नवा घेतला. साडेतीन लाख गेले होते आणि मूळ मेसेज एकही उरला नव्हता. फोन बंद करून, सिम काढून, पाकिटात घालून कपाटात ठेवा आणि दुसरा वापरा. घरात दुसरा फोन नसेल तर महिनाभर कोणाचा तरी मागा. एवढी कळ सोसा.

ओटीपी स्वतः सांगितला असेल तर अर्जात तसं लिहा. पुष्कळ जण लाजेने गाळतात आणि सुनावणीत ते बाहेर येतं, मग खरं असलेलंही कोणी मानत नाही. ओटीपी दिल्याने अर्ज कमकुवत होतो. तरीही रात्री दोन वाजता वीस मिनिटांत नवीन लाभार्थी जोडून सगळी शिल्लक जाताना यंत्रणेने काय केलं, किंवा तुम्ही कळवल्यानंतरही पैसे जात राहिले का, हे प्रश्न उरतात. कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं, हे २०१७ च्या परिपत्रकातच आहे.

अर्ज आणि शुल्क

अर्ज साध्या कागदावर, न्यायनिर्णय अधिकाऱ्यांच्या कामाच्या नियमांतल्या नमुन्याप्रमाणे : दोन्ही पक्षांची नावं-पत्ते, कलम, घटनेची वेळ आणि ठिकाण, मागितलेली रक्कम, थोडक्यात हकीकत. ठिकाण लिहिताना सर्व्हर कुठे आहे हे शोधत बसू नका, शाखेचा आणि स्वतःचा पत्ता लिहा. शुल्क मागितलेल्या रकमेवर ठरतं आणि डिमांड ड्राफ्टने भरतात. दहा हजारांपर्यंत १० टक्के. पन्नास हजारांपर्यंत १,००० अधिक दहा हजारांवरच्या रकमेचे ५ टक्के. एक लाखापर्यंत ३,००० अधिक पन्नास हजारांवरच्या रकमेचे ४ टक्के. त्यापुढे ५,००० अधिक लाखावरच्या रकमेचे २ टक्के. म्हणजे ४,८०,००० मागितले तर १२,६०० रुपये. रागाच्या भरात 'मानसिक त्रासाचे पन्नास लाख' लिहिणाऱ्याला एक लाख तीन हजार भरावे लागतात. गेलेली रक्कम, तिचं व्याज, आणि पावत्या असलेला खर्च, एवढंच मागा. तीच रक्कम एकाच वेळी रिझर्व्ह बँकेचे लोकपाल, ग्राहक आयोग आणि इथे अशी तिन्हीकडे मागू नका.

नियमांप्रमाणे अर्ज शक्यतो चार महिन्यांत आणि सगळं प्रकरण सहा महिन्यांत निकाली काढायचं असतं. 'शक्यतो' या शब्दाच्या आड बरंच काही चालतं, म्हणून प्रत्येक तारखेला हजर राहा आणि तारीख पुढे गेली तर तसं लेखी मागून घ्या.

नवा वैयक्तिक डेटा कायदा येतोय, मग थांबू का, असं हल्ली बरेच जण विचारतात. थांबू नका. २०२३ च्या त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संस्थांवरची मुख्य बंधनं अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. त्यात दंड २५० कोटींपर्यंत आहे, पण तो सरकारजमा होतो, तुमच्या खात्यात नाही. आणि त्याच टप्प्यावर कलम ४३अ रद्द व्हायचं आहे. ज्यांची तक्रार ४३अ ची आहे, त्यांनी कागद आताच जमवावेत.

निकाल विरुद्ध गेला तर अपील दिल्लीच्या दूरसंचार अपील न्यायाधिकरणाकडे, ४५ दिवसांत. हे दिवस निकालाच्या तारखेपासून नाही, प्रत हातात पडल्यापासून मोजतात. प्रत पोस्टाने आली तर पाकीट फेकू नका, त्यावरचा शिक्काच तुमची तारीख सांगतो.