प्रवाळाच्या टाकीची यादी, नाशिकपर्यंत येताना

खाऱ्या पाण्याची टाकी लावायची म्हटलं की सगळ्यात आधी हातात पडते ती यादी. तिचे रकाने दोन, ‘हवंच’ आणि ‘असलं तर बरं’. पहिल्यात काच, मीठ, आरओ, पंप, दिवा, हीटर, दगड. दुसऱ्यात पाणी गार करणारा चिलर, उडालेलं पाणी आपोआप भरणारा ऑटो टॉप-अप, कॅल्शियम पुरवणारा कॅल्शियम रिअ‍ॅक्टर, पाण्यातले जंतू मारणारा यूव्ही दिवा. दिसायला ती किराणा मालाच्या यादीइतकी साधी असते. पण ती कुणी एकानं बसून केलेली नाही. पावणेदोनशे वर्षांत ती थोडीथोडी भरत गेली, तीही लंडन, जकार्ता, बर्लिन अशा ठिकाणी. तिथल्या हवेला आणि तिथल्या विजेला धरून कुठली वस्तू कुठल्या रकान्यात जायची ते ठरलं. नाशिकला ते रकाने जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

1846 मध्ये अ‍ॅना थिन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळं लंडनला घरी आणली. पंप नव्हता, वीज नव्हती. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीसमोर उभी राहून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतत असे, रोज अर्धा-पाऊण तास. हौस बाईंची आणि हात मोलकरणीचे! आज आपण ज्याला एअरपंप नि पाणी हलतं ठेवणारा वेव्हमेकर म्हणतो, ते म्हणजे ते हात. पुढे थिनबाईंनी टाकीत समुद्री वनस्पती टाकल्या, त्यांनी प्राणवायूचा भार थोडा उचलला. प्रवाळं जवळजवळ तीन वर्षं जगली. अर्थात ती थंड पाण्यातली होती, उन्हावर जगणारी नव्हेत. हा फरक पुढे महाग पडणार होता.

1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिलं मत्स्यालय उघडलं. ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घराघरांत नेणारा फिलिप हेन्री गॉस याच सुमाराचा. समुद्रापासून लांब राहणाऱ्यांसाठी त्यानं चार क्षार मिसळून कृत्रिम समुद्राचं पाणी करायची कृती छापली. त्यातलं मुख्य म्हणजे आपलं साधं मीठ, बाकीचे मॅग्नेशियम नि पोटॅशियमचे क्षार. आपल्यासाठी हा माणूस फार महत्त्वाचा. नाशिकहून मुंबईचा समुद्र रस्त्यानं सुमारे 165 किलोमीटर, मधे कसारा घाट. कॅन भरून पाणी आणायचा उत्साह एकदोन फेऱ्यांत संपतो, आणि किनाऱ्यालगतचं पाणी टाकीत घालण्याच्या लायकीचं असतंच असं नाही.

मग मिठागरातलं मीठ का नको, हा प्रश्न प्रत्येक घरात आजी किंवा काका विचारतातच. प्रश्न चुकीचा नाही. पण मिठागरात पाणी आटताना सोडियम क्लोराइडचे खडे आधी बसतात आणि मॅग्नेशियम, पोटॅशियम उरलेल्या कडू पाण्यात राहून जातात. त्या खड्यांचं पाणी खारट होईल, समुद्र होणार नाही. तयार समुद्री मिठाची पाकिटं अमेरिकेत 1960 च्या दशकात बाजारात आली आणि किनाऱ्यापासून दूरच्या गावांना ही हौस परवडू लागली. हिशेब लिटरला साधारण 35 ग्रॅमचा. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत अडीचशे लिटर पाणी धरलं तर पहिल्याच भरणीला जवळपास नऊ किलो मीठ. नंतर दर वेळी दहा टक्के पाणी बदलायला नऊशे ग्रॅम.

ते मीठ विरघळवायचं पाणी मात्र गंगापूर धरणाचं, नळातून आलेलं. पिण्याला उत्तम. पण त्यातलं क्लोरीन आणि वाटेत मिळालेला तांब्याचा अंशही प्रवाळाला चालत नाही, म्हणून आरओ. इथे एक गोम आहे. स्वयंपाकघरातल्या आरओत पाण्याला चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळणारा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) कंट्रोलर बऱ्याचदा असतो. तो बंद करून पुढे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या रेझिनचा डबा जोडला, तर टीडीएस मीटरवर शून्य दिसतं. यादीत नुसतं ‘आरओ’ लिहिलेलं असतं, ते पुरेसं नाही.

टाकीखालच्या दुसऱ्या टाकीला ‘संप’ म्हणतात (आपल्याकडे संप म्हटलं की सोसायटीचा जमिनीखालचा हौद आठवतो, आणि तुलना अगदीच गैर नाही). तिचं मूळ विल्यम अल्फर्ड लॉइड यांच्या कामात सापडतं. 1871 च्या, लंडनमधल्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात त्यांनी दर्शनी टाक्यांच्या खाली त्यांच्याहून कितीतरी मोठे अंधारे हौद ठेवले आणि पाणी सतत वरखाली फिरवलं. पाणी जितकं जास्त, तितका बिघाड सावकाश. लहान टाकी स्वस्त म्हणून तिच्यापासून सुरुवात करणाऱ्यांनी हे एक वाक्य भिंतीवर चिकटवावं.

आपल्याकडे खाऱ्या पाण्यातले मासे काचेआड पाहिलेल्या बहुतेकांची सुरुवात मुंबईत मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयापासून झाली. ते 1951 चं. नाशिकच्या शाळांच्या मुंबई सहलीत राणीच्या बागेबरोबर ते ठरलेलं असे. पण तिथे रस्ता ओलांडला की समुद्र, त्यामुळे तिथला धडा घरी आणता येत नव्हता.

घरच्या प्रवाळ-टाकीची खरी वाट 1961 मध्ये दिसली. जकार्ताचे ली चिन एंग यांनी आपली पद्धत एका अमेरिकी मासिकात मांडली. समुद्रातले जिवंत दगड, थोडे हवेचे बुडबुडे आणि ऊन, बस्स. दगडाच्या बाहेरच्या थरातले जिवाणू टाकीतल्या घाणीतून येणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्रेट करतात, आतल्या प्राणवायू नसलेल्या छिद्रांतले त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. म्हणजे दगड हेच यंत्र. पण ली यांच्याकडे समुद्र, दगड आणि बारमाही ऊन फुकट होतं. यादी छोटी होती ती त्यामुळे.

त्या दगडाबाबत आपल्याकडचा कायदा नीट समजून घ्यावा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून सगळी दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे आहेत. वाघ ज्या अनुसूचीत, त्याच. मालवणहून कुणी ‘शोभेचा दगड’ आणून देतो म्हणाला तर नको म्हणा. परदेशातल्या दगडी प्रवाळांनाही साइटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार कागद लागतात, आणि विक्रेता कागदाचं नाव काढताच विषय बदलू लागला तर दुकान बदलावं. म्हणून आपल्या यादीत ‘जिवंत दगड’ खोडून कोरडा किंवा मानवनिर्मित सच्छिद्र दगड लिहायचा. तो बाटलीतल्या जिवाणूंनी नि वेळेनं जिवंत होतो. चार ते सहा आठवडे रिकाम्या टाकीकडे बघत बसायची तयारी हवी. घरचे हसतात.

1986 च्या सुमारास डच पद्धतीच्या ‘मिनी रीफ’नं (म्हणजे घरातल्या छोट्या प्रवाळखडकानं) अमेरिका वेडी झाली. जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेमुळे प्लास्टिकच्या गोळ्यांवरून पाणी ठिबकवणारा फिल्टर तेव्हा पहिल्या रकान्यात जाऊन बसला. अमोनिया तो झटक्यात संपवायचा, पण नायट्रेट साठत राहायचं. बर्लिनच्या हौशी मंडळींनी तो काढून टाकला. जिवंत दगड, फेस काढणारा स्किमर आणि चुन्याची निवळी एवढ्यावर त्यांनी अवघड प्रवाळं वाढवली. स्विस पीटर विल्केन्स यांनी निवळीचा पुरस्कार केला होता. सांगाड्याला लागणारं कॅल्शियम तिच्यातून मिळतं. रसायन आपल्या पानाच्या चुन्याचंच, पण टपरीवरचा चुना टाकीत घालू नये, त्यात आणखी काय असेल सांगता येत नाही. निवळी पुरेनाशी झाली की मगच कॅल्शियम रिअ‍ॅक्टरचा विचार. नवख्याला तो दोनेक वर्षं तरी लागत नाही.

स्किमर समजायला गुऱ्हाळ आठवावं. रस उकळताना वर आलेली मळी काढून टाकतात, तसा इथे बारीक बुडबुड्यांना चिकटून वर आलेला सेंद्रिय मळ कपात जमतो. गोड्या पाण्यात असा फेस धरत नाही, म्हणून गोड्या पाण्यातले मासे पाळणाऱ्याला हे यंत्र नवीन वाटतं. कप उघडताना नाक दुसरीकडे ठेवावं.

आता दिवा. उष्ण समुद्रातल्या प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि प्रवाळाचं बरंचसं अन्न तेच उन्हावर तयार करतं. म्हणून 1980 च्या दशकात कारखान्यांत नि दुकानांत वापरायचे मेटल हॅलाइड दिवे टाकीवर आले. एकेक 250 नाहीतर 400 वॅटचा. पाणी तापायचं, आणि चिलर त्यांच्यामागून आला. 2000 नंतरच्या दशकात एलईडी आले तसा चिलर दुसऱ्या रकान्यात सरकला.

नाशिकच्या चाळीस अंशांत तो परत पहिल्या रकान्यात येतो, असं वाटेल. माझं मत थोडं वेगळं आहे. आपला एप्रिल कोरडा असतो. माठातलं पाणी गार होतं आणि खिडकीतला कूलर चालतो, त्याच कारणानं पाण्यावर सोडलेला साधा पंखा इथे टाकी दोन-तीन अंशांनी खाली आणतो. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना विजेच्या जवळपास 0.67 युनिट इतकी उष्णता घेऊन जातं. दमट मुंबईत ही युक्ती लंगडी पडते, इथे मध्यम टाकीला बहुधा पुरते. किंमत दुसरीकडे मोजावी लागते. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. अडीचशे लिटरमधून दिवसाला पाच लिटर उडाले तर खारटपणा एका दिवसात 35 वरून जवळपास 35.7 वर. म्हणून पंखा घेणाऱ्याला ऑटो टॉप-अप ऐच्छिक राहत नाही. हीटर मात्र काढू नये. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा त्याचं काम असतं.

युरोपातल्या यादीत न सापडणारी वस्तू म्हणजे इन्व्हर्टर. भारनियमनाची ती वर्षं मागे पडली, तरी वळवाच्या पावसात तारेवर फांदी पडतेच. प्रवाह थांबला की भरलेल्या टाकीतला प्राणवायू काही तासांत उतरतो. हीटर आणि स्किमर थोडा वेळ बंद राहिले तर चालतं, पंप नाही. 24 व्होल्टचे डीसी वेव्हमेकर आल्यापासून ते थेट बॅटरीवर चालवता येतात. ते जमत नसेल तर बॅटरीवरचा छोटा एअरपंप घ्यावा, जिवंत मासे नेणारे पिंपाला लावतात तसला. बॅटरीही उतरली तर हातात मग्गा घेऊन टाकीशी उभं राहायचं, पाणी उचलून वरून ओतत. लाइट येईपर्यंत, घरातल्यांनी पाळ्या लावून.