जुन्या वॉशिंग मशीनचं कार्ड आणि त्यातला हरवणारा प्रोग्राम

१९६५ सालचं वॉशिंग मशीन पुन्हा चालू करणं १९८५ सालच्या मशीनपेक्षा बहुतेक वेळा सोपं जातं. ऐकायला उलटं वाटतं. पण जुन्या मशीनच्या नादी लागलेल्या माणसाला गंजलेली टाकी, कडक झालेलं दाराचं रबर, घरघरणारं बेअरिंग यांची फारशी धास्ती नसते. धास्ती असते ती हाताच्या पंजाएवढ्या कार्डची, म्हणजे मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पाटीची, आणि त्यावरच्या काळ्या चिपची. तिच्यावरचा नंबर कुठल्याच कॅटलॉगमध्ये सापडत नाही.

अमेरिकेत बेंडिक्सने घरगुती स्वयंचलित मशीन लोकांसमोर आणलं ते १९३७ मध्ये. तिथून पुढची चाळीसेक वर्षं अशा मशीनचा मेंदू म्हणजे टायमर. आत एक छोटी मोटर, काही गिअर, आणि एका दांड्यावर ओळीने बसवलेल्या खाचा पाडलेल्या चकत्या. चकती टक् करून एक घर पुढे सरकली की पितळी पत्ती खाचेत पडते किंवा वर उचलली जाते; त्यावर पाण्याचा व्हॉल्व्ह उघडतो, मोटर दिशा बदलते, ड्रेन पंप सुरू होतो. पाणी तापेपर्यंत टायमरची मोटरच थांबवून ठेवायची युक्तीसुद्धा अनेक युरोपीय मशीनमध्ये याच पत्त्यांनी साधलेली असे. म्हणजे धुण्याचा अख्खा क्रम चकत्यांच्या कडेवर कोरलेला. टायमर उघडला, चकत्या बोटाने फिरवल्या, तर तो क्रम डोळ्यांनी वाचता येतो. पत्ती जळली असेल तर घासा, वाकली असेल तर सरळ करा. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात निघालेल्या हूवर कीमॅटिकने तर हा क्रम निवडायचं काम प्लास्टिकच्या एका चौकोनी पट्टीवर सोपवलं होतं. पट्टीच्या कडांना वेगवेगळ्या खाचा. जी कड आत सारावी तशी धुलाई. प्रोग्राम हातात धरता येत होता, असा तो काळ.

इलेक्ट्रॉनिक्स मशीनमध्ये शिरलं ते मोटरच्या वाटेने. १९५० च्या दशकाच्या अखेरीस थायरिस्टर आला, मागोमाग ट्रायॅक; दोन्ही वीज झटपट चालू-बंद करणारे छोटे इलेक्ट्रॉनिक भाग. त्यांच्यामुळे कार्बन ब्रशच्या मोटरचा वेग हवा तसा कमीजास्त करता येऊ लागला. मोटरच्या मागे एक छोटा टॅको, म्हणजे वेग मोजणारा भाग, बसवायचा, त्याने वेग सांगायचा आणि कार्डाने त्याप्रमाणे वीज कापायची. टायमर मात्र तसाच राहिला. या अर्ध्यामुर्ध्या पिढीतली मशीनं दुरुस्तीला मला सगळ्यात गोड वाटतात, कारण त्यांचा बिघाड बोलका असतो. ट्रायॅक शॉर्ट झाला की धुण्याच्या वेळीही ड्रम थेट स्पिनच्या वेगाने पळायला लागतो. टॅकोचं चुंबक सैल झालं, तर कार्डाला वेग कळत नाही आणि मशीन झटके देतं. बऱ्याचदा मूळ गुन्हेगार असतो संपत आलेला कार्बन. त्याच्या ठिणग्यांनी ट्रायॅक जातो, आणि घाईतला कारागीर कार्बन न बदलता फक्त ट्रायॅक बदलतो. आठ दिवसांत तोही जातो.

खरं वळण आलं ते चिपमुळे. १९७४ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने टीएमएस-१००० बाजारात आणली. चार बिटांच्या या चिपमध्ये प्रोग्रामसाठी जागा होती जेमतेम १ किलोबाइट. पण क्रमाने काही गोष्टी चालू-बंद करायला तेवढी पुष्कळ झाली. १९७८ मध्ये जर्मनीच्या मीलेने मायक्रोकॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आणली. ब्रिटनमध्ये सर्व्हिस या कंपनीने १९८० च्या सुमारास आकडे दाखवणारं ‘क्वार्ट्झ’ मॉडेल काढलं. फिरवायच्या बटणाच्या जागी दाबायची बटणं आली, लाल-हिरवे दिवे आले. जाहिरातींसाठी ते चकचकीत होतं. आतला बदल मात्र कुणाला दिसला नाही: या चिपमधला प्रोग्राम कारखान्यातच, चिप घडवतानाच कायमचा कोरला जात असे. तो बाहेरून बदलायची सोय नव्हती. चिपवर नंबर छापला जाई तो मशीनच्या कंपनीचा खासगी. चकतीवरची खाच बोटाला लागत होती, ती आता सिलिकॉनच्या एका कणात जाऊन बसली.

गंमत अशी की चिप स्वतः क्वचित मरते. मरतात भोवतालच्या साध्या वस्तू. बाजारात ज्याला सरसकट कंडेन्सर म्हणतात तो इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सुकतो, मग चिपला मिळणारी वीज थरथरते आणि मशीन मध्येच पहिल्या पायरीवर परत जातं. रिलेचे संपर्क काळे पडतात. मोटरच्या हादऱ्यांनी जड भागांच्या पायाशी सोल्डरला केसाएवढी गोल चीर पडते. ती भिंगाशिवाय दिसत नाही. रेडिओतली खरखर दाबण्यासाठी लावलेले जुने कागदी कपॅसिटर तर फार वाईट. त्यांच्या आवरणाला वर्षांनुवर्षांत बारीक तडे जातात, आत दमट हवा शिरते, आणि वीज लागल्यावर काही मिनिटांत ते फुटून खोलीभर धूर करतात. म्हणून वीस-तीस वर्षं बंद असलेलं मशीन थेट सॉकेटला कधीही लावू नये. आधी ते कपॅसिटर काढावेत, मग निदान कार्ड तरी आपल्या इलेक्ट्रिशियनांच्या जुन्या सवयीप्रमाणे बल्ब सिरीजमध्ये लावून तपासावं.

इथे एक गोष्ट जिवाची आहे. त्या काळच्या अनेक कार्डांत खर्च वाचवायला ट्रान्सफॉर्मर टाळलेला असे. चिपला मिळणारे ५ किंवा १२ व्होल्ट मेनच्या तारेशीच जोडलेले. मल्टिमीटर ५ व्होल्ट दाखवतो म्हणून त्या भागाला बोट लावलं, तर धक्का बसतो तो २३० व्होल्टचा. कार्डाला मेनच्या तारेपासून तोडणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हाताशी नसेल तर चालू कार्डाला हात घालू नये, एवढं माझं ठाम सांगणं आहे.

न्यूझीलंडची गोष्ट थोडी वेगळी. फिशर अँड पायकेलने १९८५ मध्ये ‘जेंटल ॲनी’ हे इलेक्ट्रॉनिक मशीन काढलं आणि १९९१ मध्ये ‘स्मार्टड्राइव्ह’. त्यात बेल्टच नव्हता; मोटर थेट टबच्या दांड्यावर. ती मोटर इतकी दणकट निघाली की मशीन भंगारात गेल्यावर लोक ती काढून छोट्या पवनचक्क्यांना आणि ओढ्यावरच्या जलविद्युत संचांना लावतात. मोटर जगली, बरोबरचं कार्ड बहुतेक वेळा फेकलं गेलं.

जपानमध्ये १९९० साली मात्सुशिताने (आजची पॅनासोनिक) फझी लॉजिकवर, म्हणजे ‘थोडं-जास्त’ अशा अंदाजी मोजमापावर, चालणारं मशीन आणलं. कपड्यांचं वजन आणि पाण्याचा गढूळपणा मोजून ते धुण्याचा वेळ स्वतः ठरवत असे. हा शब्द आपल्याकडे लगेच पोहोचला, कारण भारतात वॉशिंग मशीनची बाजारपेठ उभी राहत होती ती नेमकी याच सुमाराला. औरंगाबादचं व्हिडिओकॉन, गोव्यात वेर्ण्याला बॉशच्या सहकार्याने उभं राहिलेलं आयएफबी ही आपल्या जवळची नावं. मराठी घरांत मात्र आधी आलं ते सेमी ऑटोमॅटिक: घड्याळासारखा किल्लीचा टायमर आणि शेजारी स्पिनचं भांडं. तो टायमर आजही कुठल्याही गावच्या दुकानात मिळतो आणि तासाभरात बसतो.

वरून कपडे टाकायच्या, पूर्ण ऑटोमॅटिक टॉप लोडच्या कार्डची कथा याच्या अगदी उलट. दमट हवा, झुरळं आणि उंदीर यांपासून वाचवायला ते कार्ड रबरासारख्या मऊ थरात बुडवलेलं असतं. संरक्षण चांगलं, पण एक रेझिस्टर बदलायचा तरी तो थर टोकदार काडीने तासन् तास कोरत बसावं लागतं. त्यामुळे कारागीर सरळ कुठल्याही मशीनला चालणारं युनिव्हर्सल कार्ड बसवतो. त्यात त्याची चूक नाही, गिऱ्हाइकाला संध्याकाळी कपडे धुवायचे असतात. फक्त त्या मशीनची स्वतःची धुण्याची रीत तिथे संपते: किती वेळ भिजवायचं, किती सेकंदांनी दिशा बदलायची, खळबळून किती पाण्यांतून काढायचं, सगळं.

कायद्याने अलीकडे थोडी बाजू घेतली आहे. युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग, कार्डासकट, त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान १० वर्षं पुरवणं बंधनकारक झालं. भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. १९८० च्या दशकातल्या मशीनला यातलं काही लागू नाही.

जुने कॅल्क्युलेटर आणि हातात धरायचे खेळ यांच्या अशाच चिप काही अभ्यासकांनी ॲसिडने उघडल्या, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढून बिट न् बिट वाचल्या. तसं करायला एक चिप बळी द्यावी लागते, आणि वॉशिंग मशीनच्या चिपसाठी इतका खटाटोप कोण करणार? म्हणून प्रोग्राम वाचवायला उरतो तो साधा उपाय. कार्ड अजून जिवंत आहे तोवर मशीन रिकामं चालवायचं, समोर स्टूल टाकून बसायचं, वहीत प्रत्येक पायरी लिहायची: पाणी आत, १ मिनिट ५० सेकंद, डावीकडे १२ सेकंद, थांबा ४, हीटर चालू, पंप. एका प्रोग्रामला दीड-दोन तास, आणि असे प्रोग्राम दहा-बारा.