आंधळ्या रॉकेटला लेझरचा डोळा

16 ऑगस्ट 1956. अमेरिकी नौदलाचं हेलकॅट हे वैमानिक नसलेलं विमान सरावाचं लक्ष्य म्हणून कॅलिफोर्नियातल्या पॉइंट मुगू तळावरून उडालं आणि थोड्याच वेळात रेडिओवरून दिलेल्या आज्ञा जुमानेनासं झालं. ते लॉस एंजेलिसकडे वळल्यावर हवाई दलाची दोन स्कॉर्पियन जेट विमानं त्याच्यामागे धावली. प्रत्येकाकडे 104 रॉकेटं होती. दोघांनी मिळून 208 च्या 208 झाडली, एकही लागलं नाही. शेवटी इंधन संपलं आणि हेलकॅट आपसूकच पामडेलजवळच्या वाळवंटात पडलं. जमिनीवर आदळलेल्या रॉकेटांनी मात्र वणवे पेटवले, ते विझवायला दोन दिवस लागले.

विमानांच्या नेम धरणाऱ्या यंत्रणेनंही त्या दिवशी दगा दिला होता. पण मूळ दुखणं रॉकेटचंच. 2.75 इंच, म्हणजे 70 मिलिमीटर जाडीचं हे रॉकेट एकदा नळकांड्यातून सुटलं की कोणाचं ऐकत नाही. वारा, इंजिनाच्या जोरातला बारीकसा फरक, सुटतानाचा हलका धक्का, सगळं मिळून ते भरकटतं. म्हणून ती मूठभर धान्य फेकावं तशी झुंडीनं सोडायची, एखादं तरी लागेल या भरवशावर. पुढे त्याच घराण्यातलं हायड्रा-70 आलं, तेही तितकंच आंधळं.

आता जमिनीवरची लक्ष्यं टिपणाऱ्या ए-10 या जुन्या अमेरिकी हल्लेखोर विमानाकडे या. पहिलं उड्डाण 1972 चं. नाकात सात नळ्यांची 30 मिलिमीटरची अजस्र तोफ, पण ती वापरायची तर शत्रूच्या जवळ जावं लागतं. दूरून मारायचं तर 500 पौंडी बॉम्ब किंवा जाडजूड क्षेपणास्त्र. एका मोटारसायकलसाठी किंवा भरवस्तीतल्या एका खोलीसाठी हे म्हणजे डास मारायला पहार. मधली जागा रिकामी होती.

ती भरली एपीकेडब्ल्यूएस नावाच्या जोडभागानं. तो नवं क्षेपणास्त्र नाही, आणि मला त्यातली हुशारी इथेच दिसते. जुन्या रॉकेटचं पुढचं स्फोटक टोक काढायचं, इंजिन आणि टोक यांच्यामध्ये सुमारे अर्धा मीटर लांबीची नळी बसवायची, टोक पुन्हा लावायचं. नळीत चार पंख मिटलेले असतात. रॉकेट सुटल्यावर क्षणार्धात ते फटींमधून बाहेर येतात आणि वळण देऊ लागतात.

डोळा, म्हणजे लेझरचा प्रकाश टिपणारी भिंगं, कुठे? नेहमीच्या लेझर बॉम्बचा असतो तसा नाकावर नाही, तर या चारही पंखांच्या पुढच्या कडेवर. कारण सोपं आहे. एका नळकांड्यात सात रॉकेटं शेजारी शेजारी असतात. पहिलं सुटलं की त्याचा धूर आणि काजळी बाकीच्यांच्या तोंडावर. उघडी भिंगं लगेच काळवंडली असती. मिटलेल्या पंखांतली मात्र बंद फटीआड स्वच्छ राहतात.

लक्ष्यावर लेझरचा ठिपका विमान स्वतः टाकतं, नाहीतर दुसरं विमान किंवा जमिनीवरचा सैनिक. हा प्रकाश डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त. तो ठरावीक वेगानं लुकलुकतो आणि रॉकेट त्याच लयीच्या ठिपक्याकडे जातं, त्यामुळे एकाच वेळी दोघांनी ठिपके टाकले तरी रॉकेटांचा गोंधळ होत नाही. ए-10 च्या बाबतीत ठिपका टाकायचं काम लायटनिंग नावाचं उपकरण करतं. मूळच्या या इस्रायली उपकरणाची ओळख आपल्याला कारगिलपासून आहे. 24 जून 1999 रोजी टायगर हिलवर लेझर बॉम्ब टाकणाऱ्या आपल्या मिराज विमानांनीही तेच वापरलं होतं.

विमानाच्या वायरिंगला फारसा हात लावावा लागत नाही, हा जुन्या विमानांच्या दृष्टीनं मोठाच फायदा. तरी हे रॉकेट थेट हेलिकॉप्टरवरून उचलून जेटवर टांगता आलं नाही. 2012 मध्ये अफगाणिस्तानात अमेरिकी मरीन दलाच्या हेलिकॉप्टरांनी ते वापरलं, पण जेटचा वेग, थरथर आणि हवेच्या घर्षणाची उष्णता वेगळीच, म्हणून नळीत बदल करावे लागले. 2013 मध्ये फ्लोरिडाच्या एग्लिन तळावर ए-10 वरून चाचण्या झाल्या. 2016 मध्ये हॅरियर आणि एफ-16 या जुन्या जेटांनाही ते मिळालं.

मग कहाणी पुन्हा वैमानिक नसलेल्या विमानांपाशी आली. येमेनमधल्या हूथी बंडखोरांच्या ड्रोनवर दहा लाख डॉलरच्या घरातलं क्षेपणास्त्र खर्च करणं परवडेना. तेव्हा अमेरिकी एफ-16 विमानांनी हीच रॉकेटं त्यांच्यावर सोडली. हवाई दलानं 2025 च्या सुरुवातीला त्याला दुजोरा दिला. एका जोडभागाची किंमत दहा-वीस हजार डॉलरच्या घरात. स्फोटक टोक जेमतेम साडेचार किलोचं असतं, ड्रोनला तेवढं पुरतं.

मात्र ठिपका शेवटपर्यंत धरून ठेवावा लागतो. मध्ये ढग, धूळ किंवा दाट धूर आला तर डोळा असूनही रॉकेट पुन्हा 1956 चंच.