उतरंड सरळ राहिली तरच वादळ

खंभातच्या आखाताजवळ कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, की बडोद्यात दांडिया बाजारपासून मांजलपूरपर्यंत सगळ्यांच्या फोनवर लाल भोवऱ्याचं चित्र येऊन पडतं: ‘बडोद्यावर चक्रीवादळ!’ अशी बहुतेक क्षेत्रं पाऊस पाडून विरतात, वाढतं एखादंच. ते का वाढतं, हे कळलं तर नेमकं कोणत्या गोष्टीला घाबरायचं तेही कळेल.

हवामान खातं वाऱ्याचा वेग पाहून पायरी ठरवतं. ताशी 31 किमीपेक्षा कमी असेल तर नुसतं कमी दाबाचं क्षेत्र, 31 ते 49 ला डिप्रेशन, 50 ते 61 ला डीप डिप्रेशन आणि 62 पासून चक्रीवादळ. नाव मिळतं ते या शेवटच्या पायरीवर.

वादळाला समुद्राचं पाणी साधारण 26.5 अंशांहून गरम लागतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण जुलै-ऑगस्टमध्ये अरबी समुद्राचा मोठा भाग तेवढा गरम असूनही वादळं सहसा होत नाहीत. खरी गोम उंचीवर आहे.

एक किलो वाफेचं पाणी होताना सुमारे 25 लाख ज्यूल उष्णता सुटते. ढगांत सुटलेल्या या उष्णतेनं वरची हवा तापते, हलकी होते, बाजूला पसरते. जमिनीवरचा दाब म्हणजे डोक्यावरच्या हवेचं वजन. ते घटलं की दाब उतरतो. मग चहूबाजूंनी दमट हवा आत धावते, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वळते, आणखी वाफ आणते, आणखी उष्णता सुटते. मात्र ही उष्णता केंद्राच्या बरोब्बर वर साठायला हवी. मडक्यांची उतरंड सरळ असेल तरच टिकते; वरचं मडकं सरकलं की संपलं. पावसाळ्यात खाली, दीडेक किलोमीटरवर, जोरकस नैर्ऋत्य वारा असतो आणि चौदा-पंधरा किलोमीटरवर पूर्वेकडून वेगवान झोत. तापलेली हवा केंद्रावरून पश्चिमेकडे ढकलली जाते. उपग्रहाच्या चित्रात तेव्हा खालच्या ढगांचा भोवरा उघडा पडलेला आणि गडगडाटी ढगांचा पुंजका एका बाजूला गेलेला दिसतो. मी चित्र उघडलं की आधी हेच शोधतो.

नक्षत्राचं वाहन पाहून पाऊस सांगणारं पंचांग आणि दहा दिवस आधी एकाच संगणकी हवामान मॉडेलचं चित्र पसरवणारा व्हॉट्सअॅप ग्रुप, दोन्हींवर विसंबू नका. खात्याच्या समुद्री बुलेटिनमध्ये पुढच्या 168 तासांत डिप्रेशन तयार होण्याची शक्यता शून्य, कमी, मध्यम की जास्त, हे दिवसागणिक दिलेलं असतं. ते वाचा.

कधी उतरंड जमतेही. 2024 च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशाकडून आलेली कमी दाबाची प्रणाली गुजरातवरून कच्छपर्यंत गेली, समुद्रात उतरली आणि 30 ऑगस्टला ‘असना’ चक्रीवादळ झाली. 1891 पासूनच्या नोंदींत अरबी समुद्रातली त्याआधीची ऑगस्टमधली वादळं तीनच: 1944, 1964 आणि 1976. पण विश्वामित्री नदी आपल्या घरांत शिरली ती ‘असना’ होण्याआधी, प्रणालीला नावही नव्हतं तेव्हा. तिची चाल मंद होती आणि पाऊस एकाच भागावर पडत राहिला. म्हणून बडोदेकरानं वाऱ्याच्या आकड्याआधी प्रणाली किती सावकाश सरकते आहे ते पाहावं, आणि ज्याचं पाणी विश्वामित्रीत सुटतं त्या आजवा धरणाची पातळी.