आरएच निगेटिव्ह आई आणि 72 तासांची अट

नवरा पॉझिटिव्ह आणि बायको निगेटिव्ह असली की गरोदरपणाच्या फाइलमध्ये ‘आयसीटी’ (इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट) ही आईच्या रक्तातल्या अँटीबॉडी शोधणारी तपासणी वाढते. बाळंतपण झाले की नाळेतले रक्त घेऊन बाळाचा गट पाहतात. तो पॉझिटिव्ह निघाला तर आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध अँटीबॉडी तयार होऊ नयेत म्हणून तिला 72 तासांच्या आत अँटी-डीचे इंजेक्शन द्यायचे, असा नियम. हे 72 तास आले कुठून?

सुरुवात 1939 ची. फिलिप लेव्हिन आणि रूफस स्टेटसन यांनी न्यूयॉर्कमधल्या एका बाईची हकिगत छापली. मूल पोटातच गेलेले, रक्तस्राव झालेला, म्हणून नवऱ्याचे रक्त चढवले. दोघांचा गट ओ, तरी तिला जबर रिअ‍ॅक्शन आली. बाळाने बापाकडून घेतलेल्या कशाविरुद्ध तरी तिच्या रक्तात अँटीबॉडी तयार झाल्या असाव्यात, हा त्यांचा तर्क अचूक निघाला. पण त्यांनी त्या घटकाचे बारसे केले नाही. पुढच्याच वर्षी लँडस्टायनर आणि वीनर यांनी ऱ्हीसस माकडांवरचे प्रयोग छापले आणि ‘आरएच’ हे नाव माकडावरून लागले.

या अँटीबॉडी पेशींना चिकटतात, पण साध्या सलाइनमध्ये गुठळी दिसत नाही. 1945 मध्ये रॉबिन कूम्ब्स आणि सहकाऱ्यांनी सशाला माणसाचे ग्लोब्युलिन टोचून त्याचा सीरम वापरला. तो त्या अँटीबॉडींना एकमेकींशी जोडतो आणि नळीत गुठळी दिसू लागते. आयसीटी म्हणजे हीच तपासणी.

या अँटीबॉडी पुढच्या पॉझिटिव्ह बाळाच्या रक्तपेशी फोडतात. त्यावरचा उपाय साठच्या दशकात दोन ठिकाणी शोधला जात होता. लिव्हरपूलला फुलपाखरांच्या आनुवंशिकतेत रमणारे सिरिल क्लार्क आणि रोनाल्ड फिन. न्यूयॉर्कला फ्रेडा, गोरमन आणि पोलॅक. न्यूयॉर्कवाल्यांनी सिंगसिंग तुरुंगातल्या निगेटिव्ह गटाच्या कैद्यांना पॉझिटिव्ह पेशी टोचल्या. त्यानंतर अँटी-डी द्यायला तुरुंगात परत जायचे, तर अधिकारी रोज येऊ देईनात. त्यामुळे मधे तीन दिवसांचे अंतर पडले, तरी औषध लागू पडले. 72 तास आले ते तिथून, शरीराने घातलेली ती मर्यादा नव्हे. अमेरिकेत 1968 मध्ये या औषधाला परवानगी मिळाली.

म्हणूनच मुदत हुकली तरी दहा दिवसांपर्यंत इंजेक्शन देण्यात अर्थ असतो. गर्भपातानंतर तर ते हमखास विसरले जाते. आयसीटीत अँटी-डी अँटीबॉडी सापडल्या, तर मात्र उशीर झालेला असतो. मग इंजेक्शन नाही, पोटातल्या बाळावर नजर ठेवणे सुरू होते.