कथनाचे घटक

ज्या अंगांनी गोष्ट उभी राहते, त्यांना साहित्यविचारात कथनाचे घटक म्हणतात. कथानक, पात्रे, स्थळकाळ, संघर्ष, निवेदन, भाषाशैली आणि आशयसूत्र (कथेतून उमटणारा मुख्य विचार) हे त्यांतले प्रमुख. ही फोड अभ्यासाच्या सोयीसाठी आहे. पात्राने निर्णय घेतला की कथानक पुढे सरकते, आणि तो निर्णय वाचकाला कोणाकडून कळतो, यावर त्याचा अर्थ ठरतो. म्हणून एकेक घटक सुटा काढून तपासला तर कथा हाती लागत नाही.

कथानकाची चर्चा सर्वांत जुनी. अ‍ॅरिस्टॉटलने इ.स.पू. चौथ्या शतकात शोकात्मिकेचे सहा घटक सांगितले आणि कथानकाला तिचा आत्मा मानून पात्रांना दुसरे स्थान दिले. भरताच्या नाट्यशास्त्रात कार्याच्या पाच अवस्था येतात: आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा (फळ मिळण्याची आशा), नियताप्ती (ते मिळण्याची खात्री) आणि फलागम (फळ हाती येणे). या नावांकडे नीट पाहावे. घटनांची चढउतार मोजण्याऐवजी नायकाला हवे असलेले फळ किती जवळ आले, हे ती मोजतात. कोणाला तरी काहीतरी हवे असते आणि ते सहज मिळत नाही, हा संघर्षाचा गाभा त्यांत आधीच आहे.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली केलेला भेद आजही उपयोगी पडतो. राजा मेला आणि मग राणी मेली, ही झाली गोष्ट. राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, हे कथानक. ‘मग काय झाले?’ या प्रश्नाला ‘का झाले?’ हा प्रश्न येऊन मिळतो. त्याच सुमारास रशियन रूपवाद्यांनी, म्हणजे साहित्याच्या रचनेवर भर देणाऱ्या समीक्षकांनी, आणखी एक भेद मांडला: घटना ज्या क्रमाने घडल्या तो क्रम आणि त्या ज्या क्रमाने सांगितल्या ती मांडणी. रहस्यकथेत खून आधी होतो, पण तो कसा झाला हे शेवटी कळते. तिची सगळी ओढ या उलट्या मांडणीतून येते.

पात्रांचे सपाट (एकाच गुणाची) आणि गोलाकार (अनेक पैलूंची, वाचकाला चकित करू शकणारी) हे वर्गीकरणही फॉर्स्टर यांचेच. सपाट पात्र म्हणजे फसलेले पात्र नव्हे. एका गुणावर उभी असलेली माणसेही कथेला लागतात. स्थळकाळ नुसता पडदा म्हणून मागे टांगला तर तो कोरडा राहतो. पात्रांच्या निवडीवर त्याचा दाब आला, तरच तो कथेचा भाग होतो.

सर्वांत सूक्ष्म घटक निवेदन. निवेदक म्हणजे लेखक नव्हे, ही त्याची पहिली अट. समजा, आठ वर्षांची मुलगी दाराआडून आईवडिलांचे भांडण ऐकते आणि तीस वर्षांनी ते सांगते. ऐकणारे कान मुलीचे आहेत, पण शब्द प्रौढ बाईचे. तिला तेव्हा न कळलेले काही वाक्यावाक्यांतून उमटत जाते. कोण पाहते आणि कोण सांगते, हे दोन प्रश्न फ्रेंच समीक्षक जेरार जेनेट यांनी १९७२ मध्ये वेगळे केले ते याचसाठी. त्याआधी, १९६१ मध्ये, अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी अविश्वसनीय निवेदकाची संकल्पना मांडली होती. असा निवेदक खोटेच बोलतो असे नाही. कधी तो स्वतःलाच फसवत असतो, आणि वाचकाला त्याच्या शब्दांपलीकडे पाहावे लागते.

काळाचा वेगही निवेदनच ठरवते. ‘पाच वर्षांनी तो परत आला’ एवढ्या वाक्यात पाच वर्षे संपतात, आणि पुढची पाच पाने तो दारात उभा राहिला त्या पाच मिनिटांची असू शकतात. मधल्या वर्षांत काय झाले असेल, हे वाचक त्याच्या उभे राहण्यावरून आणि दार उघडणाऱ्याच्या गप्प बसण्यावरून जुळवत जातो.