वूल्सथॉर्प मॅनर : चुनखडीत उभं राहिलेलं न्यूटनचं घर

इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यात वूल्सथॉर्प मॅनर बघायला येणारे बहुतेक जण थेट सफरचंदाच्या झाडाकडे वळतात. तेवढाच वेळ भिंतींनाही द्यावा, असं मला मनापासून वाटतं. आयझॅक न्यूटन १६४२ च्या नाताळात (तिथल्या तेव्हाच्या पंचांगाप्रमाणे) याच घरात जन्मला. नाव मॅनर, म्हणजे जमीनदाराचा वाडा, असलं तरी हे खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याचंच घर. न्यूटनच्या वडिलांना सहीसुद्धा करता येत नव्हती.

घराचा दगड तिथल्याच परिसरातल्या चुनखडीचा. सुमारे १७ कोटी वर्षांपूर्वी या भागात उथळ, कोमट समुद्र होता. लाटांबरोबर लोळणाऱ्या बारीक कणांवर कॅल्शियम कार्बोनेटची पुटं चढत गेली, खसखशीएवढे गोल दाणे तयार झाले आणि पुढे ते एकमेकांना चिकटून त्यांचा खडक झाला. अशा चांगल्या प्रतीच्या दगडाला लाकडासारखी शीर नसते, त्यामुळे तो हव्या त्या दिशेने कापता येतो. खाणीतून नुकताच काढलेला दगड ओला आणि मऊ असतो. आतलं पाणी वाळताना त्यात विरघळलेला चुना पृष्ठभागाजवळ साचतो आणि दगड कडक होतो. म्हणून पाथरवट तो ओला असतानाच घडवून घेत. या घराच्या कोपऱ्यांना आणि खिडक्यांच्या उभ्या दगडी दांड्यांना असा घडीव दगड आहे, बाकी भिंती साध्या ओबडधोबड दगडांच्या.

हे घर बांधलं जाण्याआधीच्या इंग्रज शेतघरांत मधल्या मोठ्या दालनात जमिनीवरच चूल पेटे आणि धूर थेट छपरातून बाहेर जाई. त्यामुळे वर मजला घालायची सोय नव्हती. भिंतीत धुराडं आलं आणि धुराला स्वतःची वाट मिळाली, तसा वरचा मजला राहण्याजोगा झाला. साधारण १५७० ते १६४० या काळात असंख्य शेतकऱ्यांनी घरं नव्याने बांधली किंवा बदलून घेतली. वूल्सथॉर्पचं घर याच लाटेतलं, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं.

अशा जुन्या भिंतींचे सांधे चुन्याचे असतात. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो. उरलेली कळी, म्हणजे भाजलेला चुना, पाण्यात विरवून, वाळू मिसळून भिंतीत भरली की ती हवेतला तोच वायू हळूहळू परत शोषते आणि पुन्हा चुनखडी बनते. हा सांधा सच्छिद्र असतो, त्यामुळे भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडते. डागडुजी करताना तिथे सिमेंट भरलं तर ओल दगडातच अडकते. कडाक्याच्या थंडीत तिचा बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. अशा घरांचं सर्वांत मोठं नुकसान मला तरी या चांगल्या हेतूने केलेल्या दुरुस्त्यांमध्ये दिसतं.

अशा भिंतींवर ओरखडेही सहज उठतात. लहानपणी न्यूटन भिंतींवर चित्रं काढी, असं त्याचे चरित्रकार मित्र विल्यम स्टुकली यांनी लिहून ठेवलं आहे. २०१७ मध्ये या घरातल्या शेकोटीजवळ पवनचक्कीचं एक पुसट रेखाटन सापडलं. नुसत्या डोळ्यांना ते जवळजवळ दिसत नाही. वेगवेगळ्या दिशांनी प्रकाश टाकून छायाचित्रं घेतली आणि संगणकाने ती एकत्र केली, तेव्हा उथळ रेषांच्या सावल्या उमटल्या. त्याच्या लहानपणी जवळच्या ग्रँथममध्ये पवनचक्की उभारली जात होती आणि तिचं चालतं प्रतिरूपही त्याने बनवलं होतं, त्यामुळे हे चित्र त्याचंच असावं असं अभ्यासकांना वाटतं.